पाचवा गिअर

सप्टेंबरातल्या दुसऱ्या सोमवारी लेफ्तेरिस मास्तरांचा आवाज बसला, तेव्हा असिमिनाच्या परीक्षेला आठ दिवस उरले होते.

एखाद्याचा घसा बसणं ही काही गावभर चर्चा व्हावी अशी गोष्ट नाही. पण हा घसा मास्तरांचा होता. त्या ग्रीक बेटावर गाडी शिकवणारा माणूस एकच, आणि गेली एकतीस वर्षं तो ओरडूनच शिकवत आला होता. मास्तर वरच्या चढावर शिकवणी घेत असले, की खाली बंदरात जाळी सांधणाऱ्या कोळ्यांना बसल्या जागी कळायचं की आज कुणीतरी हँडब्रेक न सोडताच गाडी पळवायला बघितली. बेटावरचे निम्मे लोक अजूनही वळण आलं की आरशात बघतात, कारण त्यांच्या कानात मास्तर ओरडतात. असा तो आवाज असिमिनाने खाल्ला, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

असिमिना बावन्न वर्षांची. दिसायला शांत, बोलायला मऊ, पण हातात कायम एक निळी वही आणि वहीत प्रश्न. मास्तरांना प्रश्न विचारणारी ही पहिलीच. बाकीचे गाडीत बसत, बोलणी खात, शिकत आणि आपल्या वाटेने जात. ही सीटवर बसली की आधी वही उघडायची.

"मास्तर, खाली पेडलं तीन आहेत आणि मला पाय दोन. तिसऱ्याचं काय करायचं?"

"डावा पाय क्लचला. उजवा बाकीच्या दोघांना."

"म्हणजे डाव्याला एक काम आणि उजव्याला दोन. असं का?"

"गाडी तशीच बनवलीय, बाई."

"बरं. पुढची चाकं नेमकी कुठे आहेत ते आतून कसं कळतं? मला तर नुसतं बॉनेट दिसतं."

"अंदाजाने."

"अंदाज कुठून येतो?"

इथे मास्तरांच्या कपाळावरची शीर फुगायची आणि खाली बंदरातले कोळी मान वर करून बघायचे. चढावर थांबलं की गाडी मागे का येते, आरशात बघताना समोरच्या रस्त्याकडे कोण बघतं, चपला घालून चालवलेलं चालतं का, गाडी मध्येच बंद पडली तर मागच्याला काय वाटतं, असे चाळीस प्रश्न झाले. एक्केचाळिसावा असा होता: "गिअर बदलायची वेळ झाली हे कळतं कसं?" यावर मास्तरांनी एकतीस वर्षं जे उत्तर दिलं होतं तेच दिलं. "मी सांगेन तेव्हा." असिमिनाने ते वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

तिला हे सगळं नीट समजून घेणं भागच होतं. नगरपालिकेतर्फे ती गेली अकरा वर्षं डोंगरातल्या गावांमध्ये एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे जायची. कुणाचा रक्तदाब मोजायचा, कुणाला इंजेक्शन द्यायचं, कुणाची चादर बदलायची, कुणाचं नुसतं ऐकून घ्यायचं. गाडी चालवायला स्त्रातिस नावाचा ड्रायव्हर असायचा. तो या महिनाअखेर निवृत्त होणार होता, आणि नगराध्यक्ष आगिसिलाओस यांनी जाहीर केलं होतं की ऑक्टोबरपासून या कामाला माणूस एकच, आणि त्याला गाडी आलीच पाहिजे. तीस तारखेपर्यंत असिमिनाने लायसन्स आणलं तर ठीक, नाहीतर नगराध्यक्षांच्या बायकोची भाची तयार होतीच. त्या मुलीला गाडी फार छान यायची. फक्त इंजेक्शनची सुई दिसली की तिला भोवळ यायची.

सगळ्यात वरच्या गावात मरिगो मावशी राहायच्या, वय एक्याण्णव. रोज इन्सुलिन, आणि तेही असिमिनाच्याच हातून. भाचीचं नाव कानावर आल्या दिवसापासून त्यांनी सांगून ठेवलं होतं, "ती पोरगी आली तर मी आतून कडी लावून घेईन. साखर किती वाढायची ती वाढू दे." मावशी बोलल्या की तसंच करतात, हे असिमिनाला ठाऊक होतं. परीक्षक दुसऱ्या बेटावरून बोटीने यायचे, तेही दोन महिन्यांतून एकदा. म्हणजे हीच परीक्षा, पुढची नाही.

आणि मंगळवारी सकाळी मास्तर शिकवणीला आले ते गळ्यात वही अडकवून. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, "डॉक्टर म्हणतात तीन आठवडे बोलायचं नाही. कुजबुजही नाही. घाबरू नकोस. हाताने सांगतो."

असिमिनाने ते दोनदा वाचलं. "गिअरसुद्धा हाताने?"

मास्तरांनी मान हलवली. एक बोट म्हणजे पहिला, दोन म्हणजे दुसरा. मूठ म्हणजे थांब.

"मग मी तुमच्या हाताकडे बघायचं का रस्त्याकडे?"

मास्तरांनी वहीत "रस्त्याकडे" असं लिहिलं आणि पेन मोडेस्तोवर खाली रेघा ओढल्या. शेवटी ठरलं की हात समोरच्या काचेजवळ धरायचा, म्हणजे रस्ताही दिसेल आणि बोटंही दिसतील. एका दमात चार गिअर सुरेख बदलले गेले. आणि गाडीत कुणी ओरडत नसल्यामुळे असिमिनाला पहिल्यांदाच कळलं की इंजिनालाही आवाज असतो.

घोटाळा झाला तो पाचव्याला. त्या बेटावर सरळ रस्ता म्हणाल तर एकच, बंदरापासून मिठागरापर्यंत समुद्राच्या कडेने जाणारा. बाकी सगळी वळणंच. त्या रस्त्यावर आल्यावर गाडी चौथ्यात छान धावत होती. मास्तरांनी हात वर केला, पाची बोटं ताणली आणि तळवा असिमिनाकडे केला.

आता ग्रीसमध्ये कुणाच्याही तोंडासमोर असा उघडा पंजा धरणं म्हणजे त्याच्या तोंडाला काळं फासणं. शेकडो वर्षांपूर्वी तिथे गुन्हेगाराच्या तोंडाला खरोखरच मूठभर राख फासत, असं म्हणतात. आता राख गेली, हात राहिला. तिथली माणसं पाच भाकऱ्या मागतानासुद्धा हात तिरका धरतात. पंजावरून भावाभावांचं बोलणं बंद झालेलं आहे.

असिमिनाने रस्त्याच्या मधोमध करकचून ब्रेक दाबला. गाडी बंद पडली. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिली, आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "मास्तर, तुमच्या आईला शेवटचे चार महिने मी आंघोळ घातली. आणि तुम्ही मला पंजा दाखवता?"

मास्तरांचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. त्यांनी घाईघाईने वही ओढली आणि लिहिलं, "पाचवा. गिअर. पाचवा."

असिमिनाने वाचलं. मग तिने बंद पडलेली गाडी पुन्हा चालू केली. "कळलं हो," ती शेवटी म्हणाली. "पण तोंडावर नको. काळजात धस्स झालं माझ्या."

मग मास्तरांनी पंजा आडवा धरून पाहिला, भाकऱ्या मागताना धरतात तसा. पण कडेने बघितलं की असिमिनाला एकच बोट दिसलं. तिने चौथ्यातून थेट पहिला टाकायला घेतला, इंजिनाने असा काही हंबरडा फोडला की मिठागरातले बगळे उडाले, आणि मास्तरांची टोपी काचेवर जाऊन आदळली. त्यांच्या बाजूलाही एक क्लच होता म्हणून गाडी वाचली.

तिसऱ्या खेपेला तोड सापडली. मास्तरांनी हात उलटा फिरवला. हाताची पाठ असिमिनाकडे, तळवा बाहेर. पाची बोटं स्वच्छ दिसत होती आणि अपमान कुणाचाच होत नव्हता. असिमिनाने अलगद पाचवा टाकला. दोघं इतकी खूश झाली की येताना पाववाल्याकडे थांबून त्यांनी तीळ लावलेल्या पावाची गोल कडी खाल्ली. काचेच्या पलीकडूनही माणसं बघत असतात, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

बुधवारी पाद्रीबाबा सोफ्रोनिस एका नव्या होडीला आशीर्वाद देऊन त्या रस्त्याने परत येत होते. समोरून छपरावर पिवळी पाटी लावलेली शिकाऊ गाडी आली. असिमिनाला परीक्षेसाठी आशीर्वाद द्यावा म्हणून बाबांनी मायेने हात उचलला, तोच काचेआडून मास्तरांनी त्यांना अख्खा पंजा दाखवला. बाबांच्या हाताची क्रूसाची खूण हवेत अर्धीच राहिली. मास्तरांच्या तिन्ही मुलांना बाप्तिस्म्याच्या पाण्यात त्यांनीच बुडवून काढलं होतं. ते रस्त्याच्या कडेला दगडावर बसले, आणि पुढे तासभर त्यांना काही सुचलं नाही.

गुरुवारी बंदरावरच्या हवालदाराला पंजा मिळाला, पाठोपाठ कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात सोंगट्या खेळणाऱ्या सहाच्या सहा म्हाताऱ्यांना मिळून एक. शुक्रवारी नगराध्यक्ष मिठागराच्या पाहणीला निघाले होते. त्यांनी समोरून येणाऱ्या गाडीत असिमिनाचा शांत चेहरा पाहिला आणि तिच्या शेजारी ताणलेली पाच बोटं पाहिली. भाचीच्या नोकरीचा विषय ताजा होता. नगराध्यक्षांनी गाडी कडेला घेतली, खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आले आणि दोन्ही हातांचे पंजे एकावर एक ठेवून परत केले.

असिमिनाला हे सगळं फक्त एका बाजूने दिसत होतं. ती रस्त्याकडे बघत असायची, तिने कुणाचं काही वाकडं केलेलं नव्हतं, आणि जो दिसेल तो तिला पंजा दाखवत होता. शनिवारपर्यंत तर सोंगट्यांवरचे म्हातारे गाडीचा आवाज आला की खेळ थांबवून उभेच राहू लागले.

"मास्तर, नगराध्यक्षांनी मला दोन्ही हातांनी दाखवला," ती म्हणाली. "पाद्रीबाबा तोंड फिरवून गेले. एका बाईने या वयात गाडी शिकणं इतकं वाईट असतं का?"

मास्तरांनाही काही उमजेना. त्यांनी विचार करून लिहिलं, "जळतात." मग थोड्या वेळाने त्याखाली लिहिलं, "लक्ष देऊ नकोस. पाचवा छान पडतोय."

परीक्षेच्या दिवशी, मंगळवारी, बोट दहाला यायची होती. त्या बेटावर बोट वेळेवर आल्याचं कुणी पाहिलेलं नाही, त्यामुळे साडेनऊला मास्तरांनी शेवटचा सराव म्हणून गाडी सरळ रस्त्याला काढायला लावली. नेमकी त्याच दिवशी बोट सव्वानऊलाच धक्क्याला लागली होती. कप्तानाच्या मुलीचं लग्न होतं, त्याला परतायची घाई होती.

चौथा झाला. मास्तरांचा पंजा काचेपाशी वर गेला. रस्त्याच्या कडेने करड्या कोटातल्या एक बाई काखेत फाईल धरून येत होत्या. त्या जागीच थबकल्या. त्यांचं तोंड उघडं पडलं आणि फाईल खाली घसरली. असिमिनाने दचकून नजर वळवली, ती बाईंच्या मागे असलेल्या बोटीच्या तिकीट कचेरीच्या मोठ्या काचेवर गेली. त्या काचेत तिला एक गाडी दिसली. वर पिवळी पाटी, आत ती स्वतः, आणि तिच्या शेजारी सगळ्या जगाला ताणून दाखवलेला पंजा.

तिने गाडी कडेला घेतली. आठ दिवसांतले सगळे चेहरे तिच्या डोळ्यांपुढून गेले.

"मास्तर," ती म्हणाली, "हात खाली घ्या. आधी खाली घ्या."

मास्तरांनीही काचेत पाहिलं. मग त्यांनी स्वतःच्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

"आणि त्या कोण हो? करड्या कोटातल्या?"

मास्तरांनी वही उघडली. एकच शब्द लिहायला त्यांना फार वेळ लागला. "परीक्षक."

परीक्षक बाईंचं नाव थेक्ला. त्या मागच्या सीटवर बसल्या, दार लावून घेतलं आणि पेनाचं टोपण काढलं. "मघाशी मला पंजा कुणी दाखवला?"

मास्तरांनी आपल्या गळ्याकडे बोट केलं.

"गळ्याने दाखवला?"

"बाई, त्यांना बोलायची बंदी आहे," असिमिना म्हणाली, आणि मग तिने सगळं सांगून टाकलं. घसा, बोटं, तोंडावरचा पंजा, आडवा पंजा, टोपी, उलटा पंजा. मास्तर मध्येमध्ये वहीची पानं उलटून पुरावे दाखवत होते.

"मी बावीस वर्षं परीक्षा घेते," थेक्ला बाई म्हणाल्या. "लोकांनी मला चीज आणून दिलं. रडून दाखवलं. एकाने चक्कर येऊन पडून दाखवलं. हे मात्र नवीन आहे." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "मास्तर, परीक्षेत एक जरी खूण केलीत तर बाई जागच्या जागी नापास. हात मांड्यांखाली घ्या."

मास्तर आपल्या दोन्ही हातांवर बसले.

"चला, बाई."

असिमिनाने किल्ली फिरवली. कानात आवाज नाही, समोर बोट नाही. एक्केचाळिसाव्या प्रश्नाचं उत्तर शेजारी हातांवर बसलं होतं.

बंदराच्या चौकात बरीच मंडळी जमली होती. मास्तरांना एकदाचा जाब विचारायचा असं नगराध्यक्षांनी सकाळीच ठरवलं होतं, आणि पाद्रीबाबा, हवालदार, सोंगट्यांवरचे सहाही जण हजर होते. गाडी दिसताच एकेक हात वर गेला. बाबांनी हात वर केला नाही, पण मानही वर केली नाही.

"हे काय आहे?" मागून आवाज आला.

"गावातले लोक आहेत, बाई," असिमिना म्हणाली. "चांगले आहेत."

नगराध्यक्ष तरातरा झेब्रा पट्ट्यांवर येऊन उभे राहिले. असिमिनाने नियमाप्रमाणे गाडी पट्ट्यांच्या अलीकडे थांबवली. ते खिडकीशी वाकले. "नोकरी माझ्याकडे मागायची आणि पंजाही मलाच दाखवायचा? ही कुठली रीत झाली, असिमिना?"

"साहेब, तुम्ही पट्ट्यांवर आहात म्हणून मी थांबलेय," ती समोर बघत म्हणाली. "तुम्ही आधी रस्ता ओलांडा. मग मी तुम्हाला सगळं सांगते, आणि माफीही मागते."

नगराध्यक्षांनी गाडीत मागे नजर टाकली. मागच्या सीटवरच्या बाई आपल्याकडेच बघत लिहितायत हे दिसल्यावर त्यांनी मुकाट्याने रस्ता ओलांडला.

पुढे चढ लागला. अर्ध्यावर पोचल्यावर इंजिन धापा टाकू लागलं. असिमिनाने कान दिला. अगदी असंच मरिगो मावशी पायऱ्या चढताना करतात, आणि त्या वेळी त्यांना एक पायरी खाली आणून दम घेऊ द्यावा लागतो. ती लोकांच्या छातीला कान लावून अकरा वर्षं जगली होती. तिने एक गिअर खाली घेतला. इंजिनाचा श्वास पुन्हा सुरळीत झाला. थेक्ला बाईंनी चढावर थांबायला सांगितलं, ती थांबली, निघाली, आणि गाडी बोटभरही मागे आली नाही. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात मांड्यांखाली असल्यामुळे ते पुसता येईना.

शेवटी सरळ रस्ता आला. दुसरा, तिसरा, चौथा. इंजिन कुरकुरलं नाही, धापा टाकल्या नाहीत, आणि काचेपाशी कुठला पंजाही आला नाही. असिमिना चौथ्यातच राहिली. मागे थेक्ला बाई पेन उचलून थांबल्या होत्या. रस्ता संपला तेव्हा त्यांनी पेन कागदावर टेकवलं.

निकाल तिथल्या तिथे सांगायचा नाही असा नियम होता. थेक्ला बाई "बरं" एवढंच म्हणाल्या आणि बोटीकडे निघाल्या. असिमिनाने धक्क्यावर नगराध्यक्षांना, बाबांना आणि सगळ्यांना जे घडलं ते सांगितलं. मास्तरांनी वही दाखवली. सहा म्हाताऱ्यांपैकी एकजण हसता हसता खुर्चीवरून घसरला. बाबांनी मास्तरांना जवळ घेतलं. नगराध्यक्ष हसले नाहीत, पण "असं होय," म्हणाले. सगळे बोटीकडे बघत उभे राहिले.

थेक्ला बाई शिडी चढून वर गेल्या. शेवटच्या पायरीवर थांबून वळल्या. त्यांनी गर्दीत असिमिनाला नेमकं शोधून काढलं, हात उचलला, पाची बोटं ताणली आणि तळवा सरळ तिच्या तोंडावर रोखला. मग त्या आत गेल्या.

पाद्रीबाबांनी छातीवर क्रूसाची खूण केली. "सरकारी बाईने," हवालदार पुटपुटला, "भर बंदरात." नगराध्यक्षांनी खिशातून फोन काढला आणि बायकोच्या भाचीला लावला. मास्तर बोटीचा दोर बांधायच्या खुंट्यावर जाऊन बसले आणि दोन्ही हात काखेत दाबून धरले. ते हात पुन्हा कधी बाहेर काढूच नयेत असं त्यांना वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी स्त्रातिस असिमिनाला वरच्या गावी घेऊन गेला. तिने मरिगो मावशींच्या हातात रिकामी सुई दिली आणि इन्सुलिन स्वतःचं स्वतः कसं घ्यायचं ते शिकवायला लागली. मावशींचा हात इतका कापत होता की सुई चादरीत रुतली. मावशींनी ती तशीच सोडून दिली.

"नापास केलं तर केलं," त्या म्हणाल्या. "वर पंजा कशाला? एवढं शिकलेली बाई."

असिमिनाला हसू आणायचं होतं, पण रडूच आलं. मावशींनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि थोपटत राहिल्या.

गुरुवारी दुपारी सगळं गाव झोपलेलं असताना बंदराच्या बाजूने हॉर्न वाजू लागला. तो थांबेना. मास्तरांना बोलायची बंदी असल्यामुळे त्यांनी टपाल कचेरीपासून असिमिनाच्या दारापर्यंत हॉर्नवरचा हात काढला नव्हता. लोक शिव्या देत बाहेर आले. मास्तर गाडीतून उतरले, त्यांनी असिमिनाच्या हातात एक कागद दिला आणि स्वतः पायरीवर बसले.

कागदावर शिक्का होता, आणि शिक्क्याखाली लिहिलं होतं, "पास." त्याखाली बारीक अक्षरांत शेरा होता. असिमिनाने तो मोठ्याने वाचला, कारण सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. "गाडी कानाने चालवतात. चढ उत्तम. पादचाऱ्याला मान देतात, पादचारी कसाही असला तरी. सरळ रस्त्यावर मात्र चौथ्यातच राहिल्या. गाडीला पाचवा गिअरही आहे. जाताना बोटीवरून सांगितलं होतं."

नगराध्यक्षांनी भाचीला पुन्हा फोन लावला. सुईच्या कामातून सुटका झाली म्हणून ती पोरगी इतकी आनंदली, की नगराध्यक्षांना फोन कानापासून लांब धरावा लागला.

ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला सकाळी नगरपालिकेची पांढरी गाडी बंदरातून निघाली. शेजारच्या सीटवर रक्तदाबाचं यंत्र होतं आणि मागे मरिगो मावशींचं इन्सुलिन, बर्फात ठेवलेलं. गाडी सरळ रस्त्याला लागली. कॉफीच्या दुकानातले म्हातारे सोंगट्या सोडून उठले, हवालदार उठला, मास्तर उठले, आणि आजच पहिल्यांदा बाहेर कॉफी प्यायला आलेले पाद्रीबाबाही उठले. सगळ्यांनी हात वर केले आणि पाची बोटं ताणून गाडीकडे धरली.

त्याच सकाळी बोटीने आलेला एक अथेन्सचा माणूस शेजारच्या टेबलावर बसला होता. त्याच्या हातातला कप हातातच राहिला. "पाद्रीबाबा, तुम्हीसुद्धा?" तो म्हणाला. "त्या बिचाऱ्या बाईने तुमचं केलंय तरी काय?"

"काही नाही केलेलं," बाबा रस्त्याकडे कान लावून म्हणाले. "अजून चौथ्यातच आहे."